हिरवा दिवा आणि आप्पांची कोलंबी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण या गोष्टीत माझी अब्रू शेवटपर्यंत टिकत नाही!

मी क्लॉक ड्रायव्हर लिहिते. म्हणजे काय? छोट्या प्रोसेसरच्या प्रत्येक भागाला चालायला एक ठोका लागतो. कुठला ठोका कसा चालू करायचा, कसा बंद, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, त्या कर्नलला, समजावून सांगणारा प्रोग्राम म्हणजे क्लॉक ड्रायव्हर. तो मी मांडवीला, सासरच्या माडीवर बसून लिहिते.

घरात सासरे, आप्पा. निवृत्त वायरमन. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांचा जीव कासावीस. मी पाणी प्यायला उठून परत येईपर्यंत माझा पंखा बंद!

शुक्रवारी चारला पुण्याच्या गिऱ्हाइकाला नवा बोर्ड, म्हणजे असा प्रोसेसर बसवलेली तळहाताएवढी पट्टी, चालवून दाखवायचा होता. नाही चालला तर काम दुसऱ्याकडे जाणार. आणि गुरुवारी काय व्हावं? बोर्ड सुरू व्हायचा, पडद्यावर भराभर ओळी यायच्या, आणि अगदी शेवटी सगळं ठप्प.

मी तो सुरू करून चहा आणायला खाली जायची. वर येते तर मेलेला! आणि जिन्यात कोण भेटायचं? आप्पा!

आता तुम्हीच सांगा, संशय कोणावर जाईल?

बोर्डाला वीज देणाऱ्या भिंतीवरच्या बटणाशेजारी मी कागद चिकटवला : ‘आप्पांनी विचारल्याशिवाय हात लावू नये.’ आप्पांनी चष्मा लावून तो वाचला.

“मी कशाला हात लावू गो?”

“सहज हो आप्पा, आठवण म्हणून.”

शुक्रवारी तर मी कहर केला. हात गुंतलेले राहावेत म्हणून आप्पांपुढे सोलायला पातेलंभर कोलंबी ठेवली. वर जाऊन बोर्ड सुरू केला आणि जिन्यावर पहारा देत बसले. परत जाऊन बघते तर ठप्प!

तीन वाजले होते. मला रडूच कोसळलं. आवाज ऐकून आप्पा वर आले, कोलंबीने बरबटलेले दोन्ही हात हवेत धरून.

“बोर्डावरचा हा हिरवा दिवा कसला गो?”

“वीज आहे, एवढंच दाखवतो तो.”

“मग पेटलाय की! मी बटण बंद केलं असतं तर हा पेटला असता काय?”

दोन दिवस तो दिवा माझ्या नाकासमोर पेटलेला होता.

“मग आतल्या आत कोण बंद करतो?” आप्पांचं कुतूहल काही संपेना.

मी ड्रायव्हर उघडून बसले. सगळी यंत्रणा उठली की कर्नल घरभर एक फेरी मारतो आणि ज्यांची कोणी मागणी केलेली नाही ते सगळे ठोके बंद करतो. मेमरीचा ठोका थांबला की सगळंच ठप्प, आणि तो कायम लागणार एवढी एक ओळ लिहायला मी विसरले होते!

“लागणार म्हणून सांगितलं नाय तर तो बंद करणारच,” आप्पा म्हणाले. “त्याची काय चूक?”

ओळ घातली. चारला बोर्ड झकास चालला, काम राहिलं.

संध्याकाळी लाजेने तो कागद काढायला गेले, तर आप्पांनी काढू दिला नाही. आजही तो तिथेच आहे. फक्त ‘आप्पांनी’वर काट मारून वर सुवाच्य अक्षरात लिहिलंय : ‘सूनबाईंनी’.