धुऱ्यावरचा बैल

पोलिसाच्या नोकरीत तपासलेले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत, पण दारव्ह्याकडच्या एका गावातली ती जळालेली गंजी मला आजही जशीच्या तशी आठवते. नाव कुणाचंच घेत नाही. माणसं अजून त्याच गावात आहेत, भिंतीला भिंत लावून.

त्या पावसाळ्यात अतिवृष्टीनं दोन सख्ख्या भावांची शेतं सारखीच बुडाली. मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे शेताचा बांध. पाणी होतं तोवर दोघं एका डब्यातलं जेवत. दिवाळीच्या तोंडावर सरकारचं अनुदान आलं, ते धाकट्याच्याच खात्यात. थोरल्याची केवायसी अडकली होती. थोड्याच दिवसांत एका रात्री धाकट्यानं रचलेली सोयाबीनची गंजी पेटली. त्याच्या हाती उरलेलं पीक तेवढंच होतं.

सकाळी तो फिर्याद द्यायला ठाण्यात आला. गावाचं बोट एका मजुराकडे होतं; मजुरीवरून त्याचं धाकट्याशी वाजलं होतं. मी मजुराला उचलू दिलं नाही. गावाला संशयित नेहमी गरीबच सापडतो, हा माझा जुना अनुभव.

घटनास्थळ पंचनाम्याला गेलो. गंजीची राख, शेजारी बैलाचा खुंटा जळून अर्धा झालेला. बैल मात्र लांब, धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेला. रात्री धाकट्यानं त्याला खुंट्यालाच बांधलं होतं. मी त्याच्याकडे निघालो, तसा धाकटा ओरडला, "दूर राहा साहेब, मारका हाय तो! मले अन् दादाले सोडून कोणाले हात लावू देत नाई."

बोलला आणि त्याची नजर थोरल्याच्या शेताकडे गेली. वाटणीत दोघा भावांना जोडीतला एकेक बैल मिळाला होता. पेरणीला दोघं मिळून जोडी जुंपत, त्यामुळे बैलांना दोन्ही मालक सारखेच.

दुपारी गावातल्या चहाटपरीवाल्याचा फोन आला. "मायं नाव नका घेऊ, साहेब. पैसे आले त्या दिवशी धाकट्यानं साऱ्यायले चहा पाजला. थोरल्याले म्हणे, 'घे दादा, सरकारचा चहा हाय.' त्यानं कप तसाच ठेवला अन् निंगून गेला."

चेष्टा भावाभावातलीच होती. पण ज्याच्या पोटात आधीच दुखतं, त्याला चेष्टाही झोंबते.

थोरल्याला ठाण्यात बोलावून खुर्ची दिली. अंगावर हात टाकायची मला सवय नव्हती. आगीचं नावच काढलं नाही. पाऊसपाण्याचं बोलता बोलता विचारलं, "बैल का सोडला?"

"जनावरानं कोणाचं काय केलतं, साहेब?"

हवालदारानं मान वर केली, तेव्हा आपण काय बोलून गेलो ते थोरल्याला कळलं. मग थांबलाच नाही. "एकाच पाण्यात बुडालो न आमी! मंग त्याचंच कसं दिसलं सरकारले? त्याच्या घरी नवा टीव्ही आला. भिंतीतून आवाज ये. लेकरं हासत. मी इकडे जळून राह्यलो होतो."

मला त्याचा राग आला, आणि कीवही. अटक केली. अंगझडतीत निघालेला मोबाईल टेबलावर होता. संध्याकाळी तो वाजला. बँकेचा मेसेज होता: थोरल्याचं अनुदान जमा झालं होतं.

मी कोठडीशी जाऊन त्याला सांगितलं. वाटलं, आता तरी हा कपाळ बडवून घेईल. थोडं थांबला असता तर भावाचं पीक वाचलं असतं, आणि हाही घरी असता.

गजांपाशी येऊन त्यानं विचारलं, "धाकट्यापेक्षा कमी तर नाई न, साहेब?"

गरजेपोटी गुन्हा करणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांची गरज भागवता येते. मत्सराचं तसं नाही, हे मी त्या गजांपाशी शिकलो. त्याला पैसे नको होते, बरोबरी हवी होती.

दोघांचं क्षेत्र सारखं, रक्कमही सारखीच. मी तसं सांगितलं. सकाळपासून अन्नाला न शिवलेला तो माणूस खाली बसला, ताट पुढे ओढलं आणि पोटभर जेवला.