षट्कोनांचं रणांगण

लवंगेच्या तेलाचा तिखट वास, ओठापासून कानापर्यंत बधिर झालेला उजवा गाल, आणि उघड्या दाराआडून दिसणाऱ्या एका टेबलावर माघातल्या कोवळ्या उन्हात पसरलेला एक नकाशा. माझ्या आयुष्यातलं एक हरवलेलं सुख मला परत भेटलं ते असं, तापीकाठच्या अडाजणमधल्या दातांच्या दवाखान्यात, दाढेचं मूळ साफ करून खुर्चीवरून उठल्यानंतरच्या पाच मिनिटांत! सुखांना मुहूर्ताचं भान नसतं, हेच खरं. आपण सजून-धजून त्यांची वाट पाहतो तेव्हा ती फिरकत नाहीत, आणि तोंड वाकडं झालेलं असताना नेमकी समोर उभी राहतात.

डॉक्टरीणबाई औषधांची चिठ्ठी लिहीत होत्या. मी मात्र ओढल्यासारखी त्या आतल्या खोलीत गेले. नकाशावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं आखलेली होती. त्यांतून निळी नदी वळणं घेत वाहत होती, गर्द हिरवी अरण्यं होती, तपकिरी डोंगर होते आणि त्या साऱ्या मुलखात पुठ्ठ्याच्या इवल्या चौकोनी सोंगट्यांची दोन सैन्यं एकमेकांसमोर श्वास रोखून उभी होती. लाल सेनेनं उत्तरेला केवढी तटबंदी उभारली होती! आणि दक्षिणेचा पूल? तिथं एकही सोंगटी नव्हती. इतक्या वर्षांनी, कुणी न दाखवता, माझी नजर थेट त्या पुलावर गेली होती.

"मासी, तमने आ रमतां आवडे छे?" मागून डॉक्टर हिरल यांचा आवाज आला. मावशी, हा खेळ तुम्हांला येतो का, असं त्या विचारत होत्या. तिशीतली, चष्मेवाली, हसऱ्या डोळ्यांची ही मुलगी माझ्याकडे अशी पाहत होती की जणू तिच्या दवाखान्यात रुग्णाऐवजी एखादी दूरची बहीणच निघाली. मला बोलता येईना. मी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली, पाठीमागे लिहिलं, ‘दक्षिणेचा पूल मोकळा आहे,’ आणि हनुवटीवर ओघळलेली लाळ रुमालानं पुसली. तिनं ते वाचलं, पटाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे बाप रे! मासी, रविवारी चार वाजता या. दवाखाना बंद असतो, आम्ही इथंच खेळतो."

तुम्हांला वाटेल, साठीच्या बाईला युद्धाचे खेळ कुठून ठाऊक? त्यासाठी देवळालीला जायला हवं. माझे वडील तिथल्या लष्करी कार्यालयात कारकून होते. बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीनं सामान आवरताना एक जड खोका आमच्या हाती दिला होता. आत असाच नकाशा, अशाच सोंगट्या, दोन फासे आणि बारीक इंग्रजी अक्षरांतली नियमांची पुस्तिका. मी आणि माझा दादा, दोघांनी शब्दकोश मांडीवर घेऊन ती पुस्तिका वाचली. त्या उन्हाळ्यात आम्हांला आंबे आठवले नाहीत, झोके आठवले नाहीत. आम्ही दोघं सेनापती होतो! चटईवर पालथं पडून आम्ही राज्यं जिंकत होतो आणि गमावत होतो, आणि आईनं जेवायला हाक मारली की दोन्ही बाजूंनी तात्पुरता तह होत असे.

तीन उन्हाळे मी हरत राहिले. चौथ्या उन्हाळ्यात, तेरा वर्षांची असताना, मी पहिल्यांदा दादाला घेरलं. समोरून झुंजत असल्याचं भासवलं, मागून पुलावरून आले आणि त्याची सारी रसद तोडली. आनंदानं मी ओरडले मात्र, आणि दादानं हाताच्या एका फटकाऱ्यासरशी पट उधळून दिला. सोंगट्या पलंगाखाली, कपाटामागे, कुठं कुठं जाऊन पडल्या. वडिलांनी दाराशी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "त्याला इतकं हरवायचं कशाला, बेटा? मोठा आहे तो." शब्द मऊ होते, आवाजात माया होती. कदाचित म्हणूनच ते इतके खोल रुतले असतील. खोका माळ्यावर गेला. आणि मी? मी एक कला शिकले, विजयाच्या एक पाऊल अलीकडे थांबण्याची. अंताक्षरीत, पत्त्यांत, नोकरीच्या काळात बँकेतल्या बैठकांत, नणंदेबरोबरच्या वादातसुद्धा. लोक मला समजूतदार म्हणत. समजूतदारपणाचं वस्त्र फार सुंदर दिसतं, पण आतून ते कुठं टोचतं ते पांघरणाऱ्यालाच कळतं.

रविवारी यजमानांनी स्कूटर काढली. हजिऱ्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेला हा मितभाषी माणूस मला दवाखान्यापाशी उतरवताना म्हणाला, "सेनापती, सारथी साडेसातला हजर होईल." मी लाजले. वर गेले, तर रुग्णांच्या प्रतीक्षाकक्षात दोन टेबलं मांडलेली, फाफडा-जिलेबीची परात मधोमध, आणि सात-आठ माणसं एका नकाशावर अशी वाकलेली की जणू विहिरीत डोकावताहेत. हिरलनं ओळख करून दिली तेव्हा कळलं, निम्मं सैन्य याच दवाखान्यात भरती झालेलं होतं. कुणाची दाढ किडली होती, कुणाचा दात हलत होता. उपचारांसाठी आलेला माणूस आतलं टेबल पाहून जरा रेंगाळला की हिरल त्याला हेरत असे!

भास्कर मास्तर त्यांतलेच. लिंबायतला राहणारे, मूळचे अमळनेरकडचे, पन्नाशीतले, सडपातळ. कापडाच्या कारखान्यात बिघडलेले माग ते दुरुस्त करत. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. इंग्रजी नियम हिरलनं त्यांना एकदाच वाचून दाखवले होते, आणि ते त्यांना मुखोद्गत होते. "रसद म्हणजे ताणा, मागावरचे उभे धागे," त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. "आडवा बाणा कितीही धावू दे, ताणा तुटला की कापड थांबलं." केवढं मोठं सत्य, किती सहज! मी मनात म्हटलं, युद्धाचा खेळ खेळणाऱ्यांना लोक रक्तपिपासू समजतात, आणि इथं तर हा माणूस शांतपणे सांगतो आहे की शौर्यापेक्षा भाकरी मोठी, चढाईपेक्षा वाट मोठी. पुठ्ठ्याच्या सोंगटीला रक्त नसतं, तिची आई घरी वाट पाहत नसते. म्हणूनच तर तिच्याकडून माणसाला थोडं शहाणपण बिनधास्त शिकता येतं.

त्या दुपारपासून रविवार हा शब्दच मला वेगळा वाटू लागला. सोमवारी भाजी निवडताना मी नदीकाठचं सैन्य हलवत असे, बुधवारी तापीच्या पुलावरून जाताना दोन्ही तीरांकडे सेनापतीच्या नजरेनं पाहत असे. साठाव्या वर्षी कशाची तरी इतकी वाट पाहता येणं, याहून मोठी श्रीमंती कोणती? आणि तरीही, तुमच्यापाशी कबूल करते, मी खेळत होते ते जुन्याच रीतीनं. मास्तरांशी चार डाव झाले, चारही मी हरले. चांगलं झुंजून, अगदी थोडक्यात, सगळ्यांनी वाहवा करावी असं हरले.

चौथा डाव संपल्यावर मास्तर हसले नाहीत. सोंगट्या न उचलता तसेच बसून राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, एक विचारू? मागच्या चालीत माझा डोंगर उघडा होता. तुम्ही पाहिलात. तुमचा हात तिकडे गेला होता, मग परत आला."

"लक्षात नाही आलं, मास्तर."

"आलं होतं." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी हप्ताभर मशीनच्या खडखडाटात या दुपारची वाट पाहतो, ताई. तुम्ही सोडून दिलेला डाव मी घरी नेऊन काय करू? मला हरवायचं असेल तर हरवा. पण असं दान नका देऊ."

मी सोंगट्या गोळा केल्या. स्कूटरवर मागे बसून घरी येताना कान तापले होते. औदार्य समजून मी आयुष्यभर जे वाटत आले, तो समोरच्याचा अपमान होता की काय? ज्याला आपण पूर्ण ताकदीनिशी भिडत नाही, त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानतच नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात कसं आलं नाही? प्रतिस्पर्धी! या शब्दाला आपण उगाच शत्रूच्या पंगतीत बसवलं आहे. तीन तास आपल्या प्रत्येक हालचालीकडे इतक्या एकाग्रतेनं पाहणारं, आपल्या मनात काय चाललं असेल याचा इतका ध्यास घेणारं दुसरं कोण असतं? जिवलगांनाही एवढा वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला फोन लावला. तो नागपूरला असतो, आता पासष्टीकडे झुकला आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर मी धीर करून विचारलं, "दादा, देवळालीला तू पट उधळला होतास, आठवतं?"

"मी? पट?" तो खरोखरच गोंधळला. "नाही गं. कधी?"

सत्तेचाळीस वर्षं मी जे जपून ठेवलं होतं, ते त्याच्यापाशी नव्हतंच! मला हसू यावं की रडू, कळेना. मी विषय बदलणार तोच तो म्हणाला, "थांब. उधळल्याचं नाही आठवत. पण तू पुलावरून आली होतीस. मागून. ते आठवतं. तशी चाल मी पुन्हा कुणाची पाहिली नाही." "खेळतेस वाटतं पुन्हा?" त्यानं विचारलं. मी ‘हो’ म्हणाले, तर म्हणाला, "मग नीट खेळ."

त्या रविवारी मी नीट खेळले. मास्तरांनी बायकोलाही आणलं होतं. मंगलबाई भिंतीकडेच्या बाकावर, मांडीवर डबा ठेवून बसल्या होत्या. पहिला तास मास्तर पुढे होते. त्यांची रांग नदीच्या काठानं अशी सरकत होती की जणू उलगडत जाणारं कापडाचं ठाण. माझी डावी फळी कोसळली, राजधानीच्या वेशीपाशी त्यांच्या तीन सोंगट्या आल्या. पण मी उत्तरेच्या अरण्यात थोडं सैन्य राखून ठेवलं होतं. ते बाहेर काढलं. एकेक घर, एकेक चाल. त्यांचा डोंगर पुन्हा उघडा होता. माझा हात पुढे गेला, क्षणभर अडखळला, आणि या वेळी परत आला नाही.

मास्तरांची रसद तुटली. त्यांच्या पुढच्या साऱ्या सोंगट्या जागच्या जागी अडकल्या.

ते पटाकडे पाहत राहिले. मी माझ्या हातांकडे. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती, तेरा वर्षांच्या मुलीला वाटते तशी. मग मास्तर खुर्ची मागे सारून उठले, आणि भरल्या आवाजात ओरडले, "अरे, इकडे या सगळे! बघा ताईंनी काय केलंय ते! हिरलबेन, फोटो काढा याचा!" सगळे धावत आले. मास्तर स्वतःच्या पराभवाची एकेक पायरी बोटानं दाखवून सांगू लागले, इथं फसलो, इथं लोभ झाला, इथं ताईंनी पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की जिंकलेला नेमका कोण, असा प्रश्न परक्याला पडावा. मी चष्मा काढून डोळे पुसले. सगळ्यांनी ते पाहिलं, आणि हिरलनं जिलेबीची परात माझ्यासमोर सरकवली.

गर्दी पांगली तशा मंगलबाई बाकावरून उठून टेबलापाशी आल्या. पटावरच्या एका कोपऱ्याकडे पाहत स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तठे तो एकलाच शे." तिथं माझी एक सोंगटी होती, अरण्यापासून तुटलेली, एकटी. मास्तरांनी ती दोन चालींपूर्वी टिपली असती तर माझा सारा बेत कोसळला असता! इतक्या माणसांत ते कुणालाच दिसलं नव्हतं. मलासुद्धा.

"बसा," मी म्हटलं.

"छे, छे. तुम्ही खेया, मी देखस." मी नुसतं पाहते, असं म्हणत त्या मागे सरकल्या. "मला इंग्रजी कुठं येतं?"

"आकडे येतात ना?"

त्या थोडं हसल्या. डबा बाकावर ठेवला, पदर खोचला आणि मास्तरांनी मोकळ्या केलेल्या खुर्चीवर अगदी कडेला टेकल्या. आम्ही सोंगट्या पुन्हा मांडल्या. नदी, पूल, डोंगर, अरण्य, कोण किती घरं चालतं, फासे कधी टाकायचे, सारं मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते. मग बराच वेळ त्या पटाकडे पाहत राहिल्या. मला वाटलं होतं, नवखी माणसं करतात तसं त्या मधल्या फौजेला पुढे ढकलतील. त्यांनी सगळ्यात मागची, कुणी कधी पहिल्या चालीत न हलवणारी सोंगटी दोन बोटांत उचलली आणि माझ्या रसदीच्या वाटेवर, अरण्याच्या काठाशी अलगद ठेवली. मग खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

मी जिलेबी बाजूला ठेवली, आणि खुर्ची पुढे ओढली.