शिकलगार चाचांचं नाक

शिकलगार चाचांच्या हातात बंदूक दिली की नळीतून बघायच्या आधी ते ती नाकाला लावायचे. डोळे मिटून दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत हळूहळू वास घेत जायचे आणि मग एकच शब्द बोलायचे. "घासलेट." "वल." "उंदीर." अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी दुनळी घेऊन आम्ही दोघं पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा ते म्हणाले, "खोबरेल." मग डोळे उघडून माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, "खंडेनवमीला घरात पूजा कोण करतंय?"

मला प्रश्न आवडला नाही. कोल्हापुरात माझं औषधांचं दुकान आहे. चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणाऱ्याकडं मी कसा बघतो ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि नेमकं तसंच कोणी माझ्याकडं बघितलेलं मला खपत नाही. शिवाय आमच्या घरातल्या पूजेशी या माणसाचा काय संबंध, असंही मनात येऊन गेलं. ते का आलं, हे आज लिहिताना मला लपवायचं नाही. विचारणारा माणूस मुसलमान होता, म्हणून आलं. अण्णांच्या मनात तसलं काही आलं नाही. ते सरळ सांगून मोकळे झाले, "मीच करतो की. हळद, कुकू, खोबरेल. वर दूध-साखर."

"आत पण सोडता व्हय?"

"मग? नुसतं वरनं लावून देवाला काय पोचतंय?"

चाचा हसले नाहीत. दुनळी उजेडात धरून त्यांनी एवढंच सांगितलं की नळी पातळ झाली आहे, आता हिच्यातून बार काढायचा नाही.

शनिवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, एक शेगडा आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या चार-सहा बंदुका. पांढरा सदरा, चष्म्याच्या एका काडीला गुंडाळलेला दोरा आणि खांद्यावर तेलकट फडकं. तुम्ही कोण, कुठले, याच्याशी त्यांना घेणं नसे. प्रत्येकाला पहिला प्रश्न ठरलेला, "कशाला पायजे?" उत्तर आलं की ते थोडा वेळ गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यात माणूस आपोआप आणखी काही तरी बोलून जायचा, आणि चाचांना तेच हवं असायचं. एकदा माझ्यासमोर एक कडक इस्त्रीचे पावणे आले आणि भाच्याच्या वरातीसाठी रायफल जरा चकचकीत करून द्या म्हणाले. चाचा म्हणाले, "वरातीला बँड लावा. त्यो माणसं मारत न्हाय." पावणे तणतणत निघून गेले.

आम्हाला बंदूक कशाला हवी होती, ते मात्र खरं होतं. आजऱ्याजवळ आमचं भातशेत आहे आणि वरच्या अंगाला काजूची बाग. गेली काही वर्षं रानडुकरं पीक कापणीला यायची वाट बघतात आणि आमच्या आधी कापणी करतात. अण्णांकडं पीक संरक्षणाचा परवाना होता, वनखात्याची लेखी परवानगीही काढली होती. प्रश्न फक्त कोणती रायफल घ्यायची, हा होता. चाचांच्या भिंतीला एक जुनी बोल्टची रायफल होती. एक बार काढला की हातानं बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, तेव्हा दुसरी गोळी भरली जाणार. चाचा म्हणाले, "अण्णास्नी हीच बरी."

इथं माझा मेहुणा सुहास मधे पडला. सुहास जयसिंगपूरला पाण्याचे पंप विकतो आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर जगातली सगळी माहिती गोळा करतो. अमेरिकेत कायोटी नावाचं कोल्ह्यासारखं जनावर असतं आणि त्याच्या शिकारीला बोल्ट बरी की सेमी-ऑटोमॅटिक यावर तिथले लोक तासतासभर वाद घालतात, हे मला त्याच्याकडून कळलं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पहिला बार गेला की दुसरी गोळी आपोआप भरली जाते, चाप ओढला की झालं. जनावरं जोडीनं आली तर दुसरं सुटत नाही. आम्ही दोघांनी तसले आठ-दहा व्हिडिओ बघितले आणि तज्ज्ञ होऊन चाचांकडं गेलो.

सगळं ऐकून चाचांनी विचारलं, "आजऱ्यात कायोटी हाय?"

"नाही, पण डुकरं आहेत की. तीही कळपानं येतात."

"अन् त्या अमेरिकावाल्यांच्यात खंडेनवमी हाय?"

सुहासनं माझ्याकडं बघितलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दाजी, म्हाताऱ्याला ती भंगार बोल्ट खपवायची हाय. म्हणून सारखा देवाधर्मात शिरतोय." मला ते पटलं. पटायला मी तयारच होतो. शेवटी आम्ही दुसऱ्या एका विक्रेत्याकडून, एका जुन्या शिकारी घराण्यातली परदेशी सेमी-ऑटोमॅटिक घेतली. तिच्या कागदपत्रांपायी अण्णांना दोन महिने हेलपाटे घालावे लागले.

अण्णांच्या हट्टामुळं ती एकदा चाचांकडं तपासायला नेली. त्यांनी ती पूर्ण खोलली, साफ केली, परत जुळवली आणि म्हणाले, "हिच्या पोटात गोळीवर ठोका मारणारी बारीक पिन हाय. ती मोकळी पायजे. खंडेनवमी झाली की माझ्याकडं आणल्याबिगर हिच्यात गोळी घालू नका." मी मान हलवली. मनात म्हटलं, गिऱ्हाईक हातचं गेलं, आता दुरुस्तीची सोय बघतोय. अण्णांपर्यंत मी तो निरोप पोचवलाच नाही. ते तेव्हा बाहेर चपला घालत होते.

खंडेनवमीला अण्णांनी रायफल पाटावर ठेवली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि दरवर्षीप्रमाणं आतही खोबरेल सोडलं. देवाच्या कामात त्यांनी कधी हात आखडता घेतला नव्हता. पुढं महिन्याभरात थंडी पडली. भात पिवळं झालं. एका पहाटे, चांगलं फटफटल्यावर, वरच्या बांधावर डुकरं दिसली. मी कवाडी उघडायला पुढं झालो. मागं अण्णांनी रायफल खाली धरून गोळी भरायला खटका ओढून सोडला. त्यांचं बोट चापाजवळही नव्हतं. ती सुटली. एकदा आणि लगेच पुन्हा एकदा; आत दोनच गोळ्या होत्या. पहिली गोळी माझ्या पायापासून हातभर अंतरावर चिखलात घुसली, दुसरी कवाडीच्या खांबात. डुकरं कुठल्या कुठं गेली. मी वळून बघितलं तर अण्णा रायफल टाकून खाली बसले होते आणि माझं नाव घेत होते, मी समोर उभा असताना.

दुपारी सुहास आला. "त्यानंच खोललेली न्हवं?" तो म्हणाला. "त्यानंच कायतरी करून ठेवलंय." त्या दिवशी मला हे शंभर टक्के खरं वाटलं. आपली बोल्ट घेतली नाही म्हणून एखादा माणूस असं करू शकेल का, हा साधा विचार माझ्या मनाला शिवला नाही. आम्ही तिघं तसेच कोल्हापूरला गेलो. मी दुकानात शिरलो तोच आवाज चढवून. काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "पोलिसात देणार" हे मात्र बोललो.

चाचांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग रायफल घेतली, रिकामी आहे का बघितली आणि नाकाला लावली. "खोबरेल," ते म्हणाले. मग त्यांनी फळीवर वर्तमानपत्र अंथरलं, रायफल खोलली आणि आतला एक तुकडा आमच्यापुढं ठेवला. त्याच्या तोंडाशी पिनेचं टोक बाहेर आलेलं होतं आणि भोवती लालसर लोणी बसलं होतं. थंडीनं थिजलेलं खोबरेल आणि कुंकू. पिन त्यात अडकून पुढंच राहिली होती. खटका सोडला की गोळी आत जाऊन थेट तिच्यावर आपटणार, आणि आपोआप भरली जाणारी दुसरीही.

 अण्णांनी तो तुकडा हातात घेतला आणि अंगठ्यानं कुंकू पुसलं. "म्हंजे मीच," ते म्हणाले.

"न्हाय अण्णा," चाचा म्हणाले. "पूजा चुकली न्हाय. हत्यार चुकलं. बोल्टमधी पिन स्प्रिंगवर ताणून मागं अडकवल्याली असती, चाप ओढल्याबिगर सुटत न्हाय. कुकवानं अडकलीच तर नुसतं कट् वाजंल, बार उडणार न्हाय. तुमच्यासारख्या भाविक माणसाला तीच बरी, एवढंच माझं म्हणणं."

मी विचारलं, मग तुम्ही नीट समजावून का सांगितलं नाही? खरं तर हा प्रश्न विचारायचा मला काही अधिकार नव्हता. ते काही क्षण गप्प बसले, आणि मी बोलून गेलो की तुम्ही सांगितलं होतं, मीच अण्णांना सांगितलं नाही. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

चाचा फडक्यानं हात पुसत म्हणाले, "मुसलमानानं पूजेचं इचारलं की लोकास्नी वंगाळ वाटतंय. वाटू दे. पयल्यांदा एका घरी इचारायला मलाच अवघड वाटलंतं. न्हाय इचारलं. असाच बार सुटून त्या घरातली सून गेली. तवापास्नं समद्यांस्नी इचारतोय." त्यापुढं त्यांनी त्या घराबद्दल कधी काही सांगितलं नाही.

आम्ही ती बोल्टची रायफल घेतली. चाचांनी एक पद्धतही घालून दिली. खंडेनवमीच्या आधी बोल्ट काढून त्यांच्याकडं आणून द्यायचा, रायफलीची पूजा घरी हवी तशी करायची, दसरा झाला की रायफल दुकानात आणायची. ते ती साफ करून बोल्ट परत बसवून द्यायचे. मग कळलं की असे बोल्ट ठेवणारी आणखीही घरं होती. नवमीच्या दिवसांत त्यांच्या पत्र्याच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेले सात-आठ बोल्ट असायचे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. परत देताना ते आधी म्हणायचे, "हात दावा." नखात कुंकू दिसलं की फडकं पुढं करायचे.

यंदा नवमीच्याच दिवशी चाचा गेले. दसऱ्यानंतर त्यांच्या मुलीचा, शमीमचा, फोन आला. दुकान ती चालवणार होती. परवान्यावर तिचं नाव आधीपासून होतं. आम्ही गेलो तेव्हा फळीसमोर आणखी तीन-चार जण उभे होते. बरेचसे माझ्यासारखेच, कधी ना कधी चाचांशी भांडून गेलेले. वरातवाले पावणेही होते.

शमीमनं आमची रायफल घेतली, नाकाला लावली आणि म्हणाली, "खोबरेल." मग ती साफ करून तिनं पेटीतून आमचा बोल्ट काढला. चिठ्ठीवर चाचांच्या अक्षरात अण्णांचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'पोराला पण सांगणे.'

मी हात पुढं केला. तिनं बोल्ट दिला नाही.

"हात दावा," ती म्हणाली.

अण्णांनी आणि मी, दोघांनीही हात पुढं केले. माझ्या अंगठ्याच्या नखात कुंकू होतं. तिनं फडकं पुढं केलं आणि मी निमूट हात पुसले.