अर्धी राहिलेली दाढी

माझा धाकटा मामा न्हावी. त्याच्या तोंडाला विश्रांती ठाऊक नाही, म्हणून गिऱ्हाइकं त्याला 'रेडिओ' म्हणतात. पण साबण लावलेला माणूस अर्ध्यात सोडायचा नाही, हा त्याचा नेम. नऊ वर्षांपूर्वी आजी शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हाही निरोप आल्यावर त्याने आधी गिऱ्हाइकाचा दुसरा गाल पुरा केला, मग धावला. आजी काही थांबली नाही. "बस आता लोकांचे गाल तासत," एवढं बोलून थोरल्या मामाने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

परवा दुपारी थोरल्याचंच बोलावणं आलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. निरोप एवढाच, की दाढी करायची आहे.

मामा पेटी घेऊन निघाला, मी सोबतीला. वाटभर रेडिओ बंद.

"काय, सेल संपले?" मी डिवचलं.

"गप रे. माफी कशी मागायची ते जुळवतोय."

खोली चिंचोळी. इकडे पलंग, तिकडे कपाट, मधल्या बोळात थोरली मामी, मामा आणि मी. मामाने साबण लावला, डावा गाल केला. माफी काही तोंडातून निघेना.

आणि एकाएकी आम्ही तिघंही मागे सरून कपाटाला चिकटलो, कुणाला तरी वाट द्यावी तसे. दारातून कुणीच आलं नव्हतं. थोरल्याची नजर मात्र उशाशी जाऊन थांबली होती.

"आई आली," तो म्हणाला.

मामाने वस्तरा उजव्या गालाकडे नेला.

"धाकट्या, आज तरी अर्धी सोड की. बस तिच्याजवळ."

मामाने वस्तरा खाली ठेवला. उशाशी माणसाएवढी जागा सोडून तो बसला आणि भावाचा हात धरला.

"दादा, त्या दिवशी मी..."

"मला नको. तिला सांग."

मामाने त्या रिकाम्या जागेला सगळं सांगितलं, गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या गालासकट. ऐकता ऐकताच थोरला गेला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामी, तू का सरकलीस गं?"

"तू का सरकलास?"

एरवी असल्या गोष्टींची मी यथेच्छ टर उडवतो.

आत मामाने कोमट पाणी मागून घेतलं. थोरल्याचा उजवा गाल त्याने सावकाश पुरा केला. एक शब्दही न बोलता.