हातमोज्यातला कागद

आमच्या थोरल्या वन्सं परदेशी टपालाच्या कचेरीत सव्वीस वर्षं एकच काम करत आल्या. लोकांची पार्सलं उघडायची आणि परत बंद करायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, कस्टमचे साहेबच कात्री घेऊन बसत असतील. तसं नसतं. साहेब टेबलापलीकडे उभे राहून बघतात, एखादी वस्तू हातात घेऊन चाचपतात. पण कापणारा, बाहेर काढणारा आणि होतं तसं परत भरणारा हात टपालाच्या माणसाचा. सगळीच पार्सलं उघडत नाहीत. आधी ती मशीनखालून जातात. वर लिहिलेलं आणि पडद्यावर दिसलेलं यांचा मेळ बसला नाही, की ते पार्सल वन्संच्या टेबलावर येतं. दिवसाला तीस-पस्तीस तरी.

त्यांनी बंद केलेलं खोकं मध्ये उघडलं होतं हे फक्त वरच्या पिवळ्या पट्टीवरून कळायचं. म्हणून कचेरीत त्यांना झाकणबाई म्हणत. घरी या गुणाचा आम्हाला तापच होता. साखरेचा डबा त्यांनी लावला की उघडायला शेजारचा पैलवान बोलवावा लागे.

एक गोष्ट त्यांनी स्वतःलाच घालून घेतली होती. पार्सलात पत्र निघालं तर ते झटकायचं, मागेपुढे बघायचं आणि घडी होती तशी ठेवायची. वाचायचं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं, असं त्यांचं म्हणणं. सकाळी देवापुढे हात जोडून त्या एवढंच मागत, की आज हातून कुणाचं काही राहू नये.

ऐन उन्हाळ्यातल्या एका दिवशी मात्र राहिलं. एकतीस पार्सलं झाली होती, तिन्ही थैल्यांना सील लागलं होतं आणि गाडी चारला निघणार होती. वन्सं रोजच्यासारखं टेबलाखाली झाडायला वाकल्या, तर केरसुणीला एक कागद लागला. दोन्ही बाजूंनी हातानं लिहिलेला. सरळ करावा तर परत गुंडाळी धरणारा. घड्याळात तीन पस्तीस.

कचेरीत वजन करणारे काटेकाका म्हणून आहेत. त्यांनी कागद लांबूनच बघितला आणि म्हणाले, "झाकणबाई, एका कागदानं कुणाचं घर बुडत नाही. पेटीत टाका आणि चहा घ्या."

पेटी म्हणजे साहेबांच्या कपाटाखालची बेवारस वस्तूंची पेटी. तिच्यात एक कानातलं आहे, खेळण्यातल्या मोटारीचं चाक आहे, चष्म्याच्या दोन काड्या आहेत. त्यात वस्तू जाताना वन्संनी पुष्कळ वेळा पाहिली. बाहेर पडताना एकदाही नाही.

आधी त्यांनी न वाचता शोधायचा प्रयत्न केला. प्रत्येक पार्सलावर पाठवणाऱ्यानं आत काय आहे ते लिहिलेला एक अर्ज असतो आणि त्याची प्रत यादीबरोबर कचेरीत राहते. वन्संनी एकतीस प्रती टेबलावर पसरल्या. नुसतं अक्षर जुळवायचं, मजकूर बघायचा नाही. पण सत्तावीस अर्ज छापील निघाले. उरलेल्या चारांपैकी एकाचंही अक्षर या अक्षरासारखं नव्हतं. तोवर पावणेचार झाले. बाहेर गाडीवाल्यानं एकदा भोंगा वाजवून आठवण करून दिली.

मग त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मनात देवाला म्हणाल्या, डोळे माझे आहेत, पण गरजेपुरतंच दाखव. आणि कागद खालून वर वाचायला घेतला, म्हणजे हवं ते सापडलं की थांबता येईल. शेवटी होतं, तुझी ताई. त्यावरून काही कळेना. त्याच्या वर होतं, रागावलास तरी चालेल पण घालत जा. म्हणजे अंगावर घालायचं काहीतरी. कपड्यांची पार्सलं अकरा होती. आणखी एक ओळ वर गेल्या. लोकर आईच्या राखाडी स्वेटरची आहे, तिनंच तो उसवायला सांगितला होता.

राखाडी हातमोजे. एक जोड. सकाळी त्यांनीच ते उलटे करून प्रत्येक बोट तपासलं होतं. तेवढ्यात साहेबांनी पुढच्या पार्सलाची घाई केली होती. कागद बोटासारखा का वळत होता तेही आता कळलं.

इथं थांबायचं होतं. पण डोळ्याला काय लगाम असतो? वरच्या दोन ओळी नजरेत आल्याच. आई गेली, त्याला आज नववा दिवस. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. भांडण तुझं नि माझं होतं, तिचं नव्हतं.

वन्सं तशाच साहेबांकडे गेल्या. साहेब वयानं लहान, स्वभावानं वाईट नाहीत, पण खिशात भिंग बाळगणारे. लोक त्यांना भिंगसाहेबच म्हणतात. त्यांनी यादीत बघितलं. हातमोजे दुसऱ्या थैलीत होते, पत्ता याच शहरातला, आणि थैलीला सील. ते म्हणाले, सील तोडायचं तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं तर निष्काळजीपणा कुणाचा तेही. सव्वीस वर्षांच्या कागदांवर वन्संच्या नावापुढे तोवर एक शाईचा डाग नव्हता.

"आणि हे त्याच पार्सलातलं कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"वाचलं मी."

साहेबांनी हात पुढे केला. "दाखवा. माझी खात्री व्हायला हवी."

तो त्यांचा हक्कच होता. पण वन्संनी कागद छातीशी धरला. "साहेब, एकीनं वाचलं ते पुरे. ज्याचं आहे त्यानं अजून वाचलेलं नाही."

साहेबांनी हात मागे घेतला. "ठपका तुमच्या नावावर येईल."

"लिहा. नीट अक्षरात लिहा, म्हणजे वरचे परत विचारायला नकोत."

सील तुटलं. काटेकाका चहा टाकून थैली उपसू लागले. पार्सल सापडलं, पिवळी पट्टी कापली. हातमोजे हातात घेतल्यावर मात्र वन्संचा हात अडला. कागद वर ठेवला तर खोकं उघडताच दिसेल. आत ठेवला तर तो मोजा घालेल तेव्हाच. आणि रागाच्या भरात कोपऱ्यात भिरकावून दिले तर? पण बहिणीनं बोटात सारला होता. वर ठेवायचा असता तर तिलाही ठेवता आला असता. रागावलेल्या भावाचा हात आधी त्या लोकरीत जावा, असंच तिच्या मनात असेल. वाचण्याची चूक तर झालीच होती. आता तिच्या मनाच्या वर आपलं मन चालवायचं, ही दुसरी झाली असती. त्यांनी कागद बोटाएवढा वळला आणि उजव्या मोज्याच्या मधल्या बोटात सारला. गाडी चार दहाला निघाली.

ठपका आला, एका ओळीचा. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. पण त्या दिवसापासून माणूस स्वस्थ बसेना. जेवताना घास हातात राही. कुणाची तरी आई गेली आहे हे आपल्याला ठाऊक आणि तिच्या लेकाला नाही, तो कुठंतरी हसत असेल, याचंच त्यांना ओझं झालं होतं. पत्ता यादीत होता. जाऊन सांगावं का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा स्वतःच नको म्हणाल्या.

मे गेला, पावसाळा गेला. वन्संचे गुडघे धरलेले. थंडीच्या नावानं त्यांच्या अंगावर काटा येतो. पण त्या वर्षी रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या देवाकडे थंडीच मागत होत्या.

एका सकाळी बघते तर अंधारातच गॅलरीत उभ्या. अंगावर शाल नाही, तोंडातून वाफ निघतेय. मी आत चला म्हटलं.

"थांब गं वहिनी," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आता लोक कामाला निघतील."