राज्य कोणावर

सकाळी चहा घेताना फोनवर धाकट्या बहिणीचा, सुमनचा, निरोप दिसला, "दादा, तुझ्यावर राज्य आहे."

ती नागपूरला, मी साताऱ्याला. फोनवरच्या एका खेळात आम्ही दोघं आणि आमचा आतेभाऊ आपापली साम्राज्यं वाढवतो. प्रत्येकाची रोज एकच खेळी. ती झाली की पुढच्याला कळवायचं. सुमन अजून लपंडावातलेच शब्द वापरते.

माझी आता अकरा शहरं झाली आहेत. एकाला धान्य पुरत नाही, दुसऱ्याला तटबंदी हवी. तह टिकावा म्हणून आतेभावाला दर खेळीला लोखंड पाठवतो. नदीकाठचं खोरं सुमनसाठी सोडतो असा शब्द दिला होता, आणि मागच्या आठवड्यात मीच तिथे अकरावं शहर वसवलं. तेव्हापासून ती या निरोपापलीकडे काही बोलत नाही.

लहानपणी राज्य आलं की मला रडू यायचं. बाकीचे सगळे कुठेतरी दाटीवाटीनं लपून खुसुखुसू हसत असायचे आणि आपण एकटेच भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणत उभे. ज्याच्यावर राज्य, त्याच्याजवळ कोणीच नसतं. हे तेव्हा कळत होतं, तरी मोठेपणी तेच वाढवत बसलो.

चहा निवला होता. आजच्या खेळीत मी खोऱ्यातलं ते शहर सुमनला देऊ केलं. खाली लिहिलं, "चुकलं माझं. घे."

उत्तर लगेच आलं.

"नको रे दादा. माझी आहेत तीच सांभाळून दमलेय मी. राहू दे तुझ्यावरच."