कुवेतला माणसं नेणारा मुकादम

पाथर्डीच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात तो रोज दिसतो. पूर्वी तो ऊसतोडीच्या टोळ्या न्यायचा, आता बांधकामावर माणसं कुवेतला नेतो. प्रत्येक वाक्यानंतर तो समोरच्याची मान हलेपर्यंत थांबतो. मला ते थांबणं कधीच आवडलं नाही.

काल आमच्या शेजारच्या कौसाबाई नवऱ्याबरोबर आल्या. नवऱ्याने नवाकोरा पासपोर्ट लगेच मुकादमापुढे ठेवला. तोडीला निघताना सगळं मुकादमाच्या हवाली करायची इथली सवयच आहे.

"परमुलखात ह्यांना काई झालं, तर कुनाकडं जायचं?" कौसाबाईंनी विचारलं.

"मी हाय ना, वैनी. पासपोर्टबी समद्यांचे माझ्याजवळच ऱ्हातेत. हरवायचं भ्या न्हाई."

"आन् तातडीनं माघारी यायचं झालं तर?"

"मला सांगायचं."

"तुम्हीच अडवलंत तर?" मी विचारलं. माणसाला बांधायला दोरच लागतो असं नाही.

तो हसला. "शिकलेल्यांना लई शंका!"

"तुमचा पासपोर्ट कुनाजवळ असतो, भाऊजी?" कौसाबाई म्हणाल्या.

त्याचा हात आपसूक बंडीच्या आतल्या खिशावर गेला.

कौसाबाईंनी नवऱ्याचा पासपोर्ट उचलून कनवटीला खोचला. "मंग ह्यांचाबी ह्यांच्याजवळच ऱ्हाईल. न्हाईतर ह्ये येत न्हाईत."